तो ‘ओ’ खरंच ‘ओ’ आहे का?

ताई, लग्नाला आठ वर्षं झाली. माझा रक्तगट ए पॉझिटिव्ह, ह्यांचा ओ पॉझिटिव्ह. गेल्या महिन्यात शाळेतल्या तपासणीत मुलाचा बी पॉझिटिव्ह निघाला. नणंदेने मोबाइलवर तक्ता काढून सगळ्यांसमोर दाखवला, ए आणि ओच्या पोटी बी होतच नाही म्हणून. तेव्हापासून सासूबाई माझ्या हातचा चहा घेत नाहीत. हे गप्प. ह्यांच्याशिवाय माझ्या आयुष्यात कधीच कुणी नव्हतं. सासऱ्यांनी मामाचीच मुलगी केलेली, त्यामुळे त्यांचं सगळं गोत एक आणि मी एकटी परकी. डीएनए टेस्ट करून मोकळी होऊ का?
– एक आई, सांगली जिल्हा

अगं,

तुझ्यावर माझा विश्वास आहे, हे आधी सांगते. नणंदेचा तक्ताही खोटा नाही, पण अपुरा आहे.

रक्तगटाची दोन अक्षरं प्रत्येकाकडे असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. ए आणि बी उघड दिसतात, ओ दबून राहतो. म्हणून ए गटाची बाई आतून ए-ए असेल किंवा ए-ओ. ओ गटाचा माणूस मात्र ओ-ओच. फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने 1924 साली हा हिशेब मांडला आणि तुझ्या नणंदेच्या मोबाइलमधला तक्ता त्यावरच उभा आहे. (जाता जाता: आईबाप दोघे पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह, यावरूनही घरोघरी रडारड होते. तिथे तर काहीच वावगं नसतं.)

तुझ्या मुलातला बी तुझ्याकडून आलेला नाही, तो बापाकडूनच आला. म्हणजे खरा प्रश्न नवऱ्याच्या कार्डाचा आहे. ते कार्ड कुठलं? कॉलेजातल्या शिबिराचं की नोकरीला लागतानाच्या मेडिकलचं? काचपट्टीवर दोन थेंब टाकून घाईत लिहिलेला गट चुकतो, नमुने अदलाबदल होतात. शाळेतल्या तपासणीचंही तेच. तेव्हा तिघांचंही रक्त चांगल्या रक्तपेढीत पुन्हा तपासा. बहुतेक वेळा गाठ तिथेच सुटते.

पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले. ‘सासऱ्यांनी मामाचीच मुलगी केलेली.’ तू ते तक्रार म्हणून लिहिलंस. मला त्यात दुसरंच दिसलं.

1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसं अशी सापडली, की त्यांचं रक्त ओसारखं दिसे, पण ओ गटाचं रक्त त्यांना चालत नसे. त्यालाच बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. शहराचं नाव बदललं, गटाचं तेच राहिलं. झालेलं असं असतं: ए किंवा बी हे लाल पेशीवर थेट बसत नाहीत, आधी ‘एच’ नावाचा पाया लागतो. खुंटी समज. खुंटी असेल तर तिला सदरा अडकणार. या माणसांकडे खुंटीच नसते. बीचा सदरा घरात असला तरी टांगायला जागा नाही, म्हणून चाचणीत ए दिसत नाही की बी दिसत नाही, आणि कार्डावर ओ लिहिलं जातं. मुलाला मात्र बापाकडून बी मिळतो आणि आईकडून खुंटी. मूल चक्क बी.

खुंटी नाहीशी व्हायला आईबाप दोघांकडून बिघडलेला जीन यावा लागतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात हे जास्त घडतं, कारण एकाच आजोबा-आजीचा जीन दोन्ही वाटांनी उतरतो. म्हणजे असं निघालंच, तर त्यातला अर्धा वाटा खुद्द सासूबाईंचा! हे लिहिताना मला जरा गंमत वाटली, कबूल करते. तू मात्र हे त्यांना ऐकवू नकोस, डॉक्टरांना सांगू दे.

हा गट दुर्मीळ आहे. भारतात साधारण दहा हजारांत एक. तरी तपासायला लावतेय, कारण यात तुझ्या अब्रूपेक्षा नवऱ्याच्या जिवाची जोखीम मोठी आहे. बॉम्बे गटाच्या रक्तात एचच्या विरोधातली प्रतिपिंडं असतात आणि ओ गटाच्या पेशींवर एच सर्वांत जास्त. उद्या अपघात झाला आणि कार्ड बघून कुणी त्याला ओचं रक्त चढवलं, तर ते जिवावर बेतेल. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. सख्ख्या भावंडांतही प्रत्येकाला चारात एक शक्यता असते. नणंदेच्या कार्डावर ओ असेल, तर तिचंही रक्त तपासायला हवं, बाळंतपणाआधी तर नक्कीच.

रक्तपेढीत नुसता ‘गट बघा’ म्हणू नकोस. सेल ग्रुपिंगबरोबर (लाल पेशींची तपासणी) सीरम ग्रुपिंगही (पेशी काढून उरलेल्या पातळ द्रवाची, म्हणजे सीरमची तपासणी) करा, त्यात ओ पेशी घ्या आणि अँटी-एच (एच आहे का ते दाखवणारं द्रावण) लावून बघा, असं सांग. साध्या ओ माणसाचं सीरम ओ पेशींना काही करत नाही, बॉम्बेवाल्याचं त्यांच्या गुठळ्या करतं. नवऱ्याने कधी रक्तदान केलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं.

डीएनए टेस्ट? आत्ता नको. सगळं पुन्हा तपासूनही कोडं उरलं तर ती आहेच, आणि तिचा निकाल तुझ्याच बाजूने लागेल. पण ती करायची तर दोघांनी ठरवून, सासूबाईंच्या चहासाठी नव्हे. मला जास्त खटकलं ते त्याचं गप्प बसणं. आज रात्री मूल झोपल्यावर त्याला सरळ विचार, ‘तुम्हाला काय वाटतं?’ आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नकोस. मग वरचं सगळं सांग, हे पत्रच वाचायला दिलंस तरी चालेल.

रक्तपेढीत जाताना मुलालाही ने. बापाच्या मांडीवर बसव, म्हणजे सुईला दोघांपैकी जो जास्त घाबरतो त्याला आधार होईल.

तुझी,
ताई