ओळखी पुष्कळ, सोबत कुणाची?

“मॅडम, फोनमध्ये इतके नंबर आहेत, पण रात्री ताप चढला तर कुणाला हाक मारावी, हे सुचत नाही.” आईच्या आजारपणात पुण्याहून सांगलीला परतलेले, आणि आई गेल्यानंतरही विश्रामबागेतल्या घरातूनच कंपनीचे काम करणारे एक चाळिशीचे गृहस्थ समुपदेशनाच्या भेटीत मला सांगत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गावात शाळेपासूनचे मित्र असताना एकटे का वाटावे, आपल्यातच काही खोट आहे का, ही त्यांची काळजी होती. खोट नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो, आणि त्यात तरुणही मोठ्या संख्येने आहेत.

त्यांनी फोन पुढे केला. जुन्या मित्राला लिहिलेला “संध्याकाळी चहाला येतोस का?” हा निरोप कित्येक दिवस न पाठवता तसाच पडून होता, कारण त्या मित्राने दिवाळीच्या शुभेच्छांना उत्तर दिले नव्हते, आणि त्यावरून ‘त्याला आता आपली गरज उरलेली नाही’ असा निष्कर्ष यांनी काढला होता. एकाकीपणावर अनेक वर्षे संशोधन केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी नेमके हेच दाखवून दिले: एकटे पडलेले मन नकाराच्या खुणा शोधत राहते, म्हणून माणूस आणखी मागे सरतो. ‘चार लोकांत मिसळा’ हा सल्ला मला म्हणूनच अपुरा वाटतो.

आम्ही आधी तो निष्कर्ष तपासला. उत्तर न येण्याची आणखी कोणती कारणे असू शकतील, ती त्यांनी स्वतः लिहून काढली आणि मग निरोप पाठवला. मित्राच्या घरी वडिलांचे डायलिसिस चालू होते. तो स्वतःच कुणाशी तरी बोलायला आसुसला होता.

दुसरीकडे, रोज ठरलेल्या वेळी आमराईत फिरायला जायचे आणि त्याच त्या माणसांशी दोन शब्द बोलायचे, असे ठरले. ओळखीची साधी मैत्री व्हायलाही सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, असा संवादशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यामुळे पहिल्या आठवड्यांत काहीच घडले नाही, तरी ते अपयश नव्हे, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितले.

रविवारची दुपार त्यांना अजूनही जड जाते आणि त्यावर आमचे काम चालू आहे. मात्र झोप उडाली असेल, जगण्यात रस उरला नसेल, तर थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते.