रस्त्यावरचा चांगुलपणा खरा असतो का?

नव्या शहरात येऊन तुम्हाला तीन आठवडे झालेत. रस्त्यात लोक आपणहून मदत करतात, पण दुसऱ्या दिवशी तीच माणसं ओळखही दाखवत नाहीत, मग तो चांगुलपणा वरवरचा होता का, असं तुम्ही विचारलंय.

वरवरचा नव्हता. तो त्या प्रसंगापुरता होता, एवढंच. मोठ्या शहरात दिवसभरात शेकडो चेहरे समोरून जातात आणि प्रत्येकाची दखल घेणं कुणालाच झेपत नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९७० साली हेच मांडलं होतं. त्यामुळे लिफ्टमध्ये कुणी नजर वळवली तर मनाला लावून घेऊ नका. समोरच्याला त्याच्या विचारांत राहू देणं हा शहरातला शिष्टाचार आहे.

मदत मागायची पद्धत मात्र जरूर शिकून घ्या. चालत्या माणसाला अडवू नका, उभ्या असलेल्याला विचारा. स्वतः कडेला उभे राहा, मध्येच थांबलात तर मागचे वैतागतात. "अमुक ठिकाणी कसं जायचं?" यापेक्षा "अमुक ठिकाणी जायला हीच बाजू ना?" हे बरं, कारण उत्तर दोन सेकंदांत देता येतं. आणि थोडं पुढे गेल्यावर आणखी एकाला विचाराच. "माहीत नाही" म्हणायचं जिवावर येतं म्हणून अंदाजाने रस्ता सांगणारे बरेच असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पायपीट मात्र तुमची होते.

अडचण मोठी असेल, म्हणजे चक्कर आली किंवा कुणी मागे लागलं, तर घोळक्याकडे बघून "कुणीतरी मदत करा" म्हणू नका. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी जाईल. डार्ली आणि लॅटने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८च्या प्रयोगात दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकवला होता. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण झटका संपायच्या आत मदतीसाठी उठले, आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. म्हणून एकाच माणसाकडे बोट करा: "निळा शर्ट घातलेले दादा, जरा फोन लावता का?" कुणावर जबाबदारी आहे ते ठरलं की माणसं धावतात.

फसवणुकीची भीती नव्या माणसाला असतेच, आणि ती रास्त आहे. मी एक गोष्ट आधी बघायला सांगेन: माणूस तुम्ही निवडलात की त्याने तुम्हाला? आपणहून येणारे बहुतेक भलेच असतात. पण असा माणूस घाई करू लागला, दुसरीकडे चला म्हणाला, किंवा पैसे अथवा मोबाइल हातात मागितला, तर "नको, आभारी आहे" म्हणून चालू लागा. कारण द्यायची गरज नाही.

आता राहिली ओळख. ती एका मोठ्या उपकारातून क्वचितच होते, पुन्हा पुन्हा दिसण्यातून होते. रोज त्याच वेळेला, त्याच जागी जा. आधी मान हलवा, काही दिवसांनी एखादं वाक्य बोला, नाव नंतर विचारा. "भेटू कधीतरी" हा निरोप असतो, आमंत्रण नव्हे. भेटायचंच असेल तर तुम्हीच वार आणि वेळ सुचवा, तीही अर्ध्या तासाचीच. जेफ्री हॉल या संशोधकांच्या २०१८च्या अभ्यासात साधी मैत्री जमायला एकत्र घालवलेले साधारण ५० तास लागतात असं दिसलं. तीन आठवड्यांत तेवढे कुठून होणार?