बदामाच्या पानांचं पाणी उन्हात विटलं, रंग गेला कुठे?

प्रश्न: नमस्कार, आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलाने फायटर मासा पाळलाय, दुकानदाराने सांगितलं म्हणून त्याच्यासाठी बदामाची वाळलेली पानं भिजवून ठेवते, पाणी अगदी कोऱ्या चहासारखं होतं. त्यातली एक बाटली गच्चीवर विसरले, आठ-दहा दिवसांनी बघते तर रंग निम्मा उडालेला, किचनमधली मात्र जशीच्या तशी. रंग गेला कुठे? आणि आपल्या गंगेतून (म्हणजे गोदावरीतून) एवढा पालापाचोळा वाहून जातो, तर समुद्रातपण असंच होतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, विसरलात ते बरंच झालं म्हणायचं! दोरीवरचा रंगीत कुर्ता विटतो ना, तसंच काहीसं हे. पानांतून टॅनिनसारखे मोठे मोठे रेणू पाण्यात उतरतात, त्यांच्यात कार्बनच्या कड्या असतात आणि त्या अतिनील अन् निळा प्रकाश गिळतात, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा-तपकिरी दिसतो. आता गिळलेली ऊर्जा गप्प बसत नाही, कधी तो रेणूच तुटतो, कधी ती ऊर्जा पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळते आणि तो असा चिडतो की शेजारच्या रेणूंवरच तुटून पडतो, थोडंसं हायड्रोजन पेरॉक्साइडपण बनतं (जखम धुवायचं तेच, पण इतकं कमी की माशाला कळणारही नाही). कडी तुटली की रंग संपला. माल मात्र कुठे जात नाही, त्याचे छोटे छोटे तुकडे होतात, थोडा कार्बन डायऑक्साइड होतो आणि किंचित कार्बन मोनॉक्साइडसुद्धा.

समुद्रात हेच चालतं, फक्त बाटली अवाढव्य. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन सगळा मिळून साधारण 660 अब्ज टन भरतो, एका लिटरात बघायला गेलात तर जेमतेम एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. त्यातल्या रंगीत भागाला कुर्ट काले या जर्मन शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात 'गेल्बश्टोफ', म्हणजे सरळ 'पिवळा पदार्थ' असं नाव दिलं. वरच्या थरात दुपारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि रात्री उतरतो, कारण सूर्य तो बनवतो आणि बॅक्टेरिया खाऊन टाकतात. मोठे रेणू बॅक्टेरियांना सहज पचत नाहीत, उन्हाने तुकडे केले की त्यांची चंगळ. याउलट खोल अंधारातला कार्बन सरासरी चार ते सहा हजार वर्षं जुना निघतो, तिथे ऊन पोचतच नाही ना!

गंगेचं म्हणाल तर त्र्यंबकहून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी बाई 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. पण पुरात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागतं तेव्हाचा जो रंग असतो तो गाळाचा, तो उन्हाने उडत नाही, तळाशी बसतो, आणि अशा गढूळ पाण्यात ऊन फार खोल शिरतही नाही. पानांचा अर्क खरा विटतो तो गाळ बसल्यावर, समुद्राच्या मोकळ्या पाण्यात. जगभरच्या नद्या दरवर्षी वीस-पंचवीस कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन समुद्रात नेतात, तरी तिथे जमिनीवरच्या झाडांची खूण फारच थोडी सापडते. हा माल जातो कुठे हे कोडं बरीच वर्षं चालू आहे, आणि त्याच्या उत्तरातला एक तुकडा तुमच्या गच्चीवर पडलाय.

एक मात्र सांगतो, तुमची तुलना थोडी कच्ची आहे. गच्चीवर ऊन होतं तशी उष्णतापण होती, मग रंग नक्की कशाने गेला? पुढच्या वेळी दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवा, एकीला स्वयंपाकघरातली फॉइल घट्ट गुंडाळा. काच आणि प्लास्टिक बरेचसे तीव्र अतिनील किरण अडवतात, त्यामुळे घाई नको. विटलेलं पाणी माशाला घालण्यापेक्षा नवीन पान भिजवा.