वाचक विचारतात : डेबियन अपग्रेडचं टिपण

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात तीन जुन्या संगणकांवर डेबियन ११ (लिनक्सवरची मोफत कार्यप्रणाली) आहे. १३ टाकायचं आहे. पुढच्या माणसासाठी मराठी टिपणात काय लिहावं? दुपारी लाइन जाते.

उत्तर : पहिलीच ओळ अशी लिहा : ११ वरून थेट १३ नाही, आधी १२, मग १३. मधली पायरी गाळायला डेबियनचा पाठिंबा नाही. त्याआधी प्रत्येक मशीनवरची प्रणाली ३२-बिट आहे की ६४-बिट ते बघा. ३२-बिट आय-३८६ निघाली तर १३ चा नाद सोडा. तिच्यासाठी १३ मध्ये कर्नलही (प्रणालीचा गाभा) नाही, इन्स्टॉलरही नाही.

सोर्सेस फाइलमध्ये, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, 'स्टेबल' लिहिलेलं असेल तर तिथंच घोटाळा होतो. नवी आवृत्ती आली की नेहमीचं अपडेट करणारा नकळत तिच्यात जाऊन पडतो. म्हणून आवृत्तीचं नावच लिहा : बुल्सआय (११), बुकवर्म (१२), ट्रिक्सी (१३). बुकवर्मला जाताना त्याच ओळीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडा. फर्मवेअर (वायफायसारखे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) त्या विभागात हलवलंय; ते जोडायचं राहून गेलं तर वायफायच्या फर्मवेअरला पुढचे अपडेट मिळत नाहीत.

डिस्कवर बूटचं (संगणक सुरू होताना लागणाऱ्या फायलींचं) विभाजन वेगळं असेल तर १३ साठी ते निदान ७६८ एमबीचं आणि ३०० एमबी मोकळं हवं.

काम सकाळी, इन्व्हर्टर भरल्यावरच. मधेच लाइन गेलीच तर घाबरून नवं इन्स्टॉल करू नका. डीपीकेजीला (पॅकेजेस बसवणारा डेबियनचा प्रोग्राम) अर्धवट पॅकेजेस कॉन्फिगर करायला लावा : dpkg --configure -a. ती कमांड टिपणात अक्षरशः उतरवा, डॅशसकट. आणि हो, टिपण कागदावर छापा. संगणक बंद असताना त्यातली फाइल कोण उघडणार?