समुद्र आणि उपग्रह: नकाशावरचा रंग नक्की केव्हाचा?

समुद्रावर पोट असलेल्या वाचकांचे प्रश्न निरनिराळे असतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच समज असतो: उपग्रह आपल्या डोक्यावर उभा आहे आणि सतत चित्रण करतो आहे. प्रत्यक्षात समुद्राचे बारकावे टिपणारे बहुतेक उपग्रह ध्रुवीय कक्षेत, म्हणजे दोन्ही ध्रुवांच्या जवळून, फिरतात. ते एका जागेवरून जातात आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी परत येतात. एवढे ध्यानात ठेवून पुढची उत्तरे वाचावीत.

युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची माहिती खरेच फुकट मिळते का?

हो. पैसे द्यायचेच असतील तर ते माहितीवर काम करणाऱ्याच्या मेहनतीचे द्या, माहितीचे नव्हे.

नकाशावर हरितद्रव्याचा पट्टा दिसला की तिथे मासळी हमखास, असे ॲप विकणारे सांगतात. खरे का?

उपग्रहाला मासळी दिसत नाही, पाण्याचा रंग दिसतो. त्या रंगावरून वनस्पती-प्लवकांतल्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींतल्या, हरितद्रव्याचा अंदाज बांधतात. त्यावर प्राणी-प्लवक वाढायला आणि त्यामागे मासळी यायला वेळ जातो, तोवर प्रवाहाने पट्टाच हलवलेला असतो. नदीमुखाशी तर गढूळ पाणीही हरितद्रव्य म्हणून मोजले जाते. जिथे तापमान एकदम बदलते आणि हरितद्रव्याची कडही तिथेच येते, तिथून शोध सुरू करावा, इतपत भरवसा ठीक. 'हमखास' म्हणणाऱ्याकडे त्याचे जुने अंदाज आणि प्रत्यक्ष पकड यांचा ताळा मागा, आणि तो मत्स्यशास्त्रज्ञाला दाखवल्याशिवाय वर्गणी भरू नका.

आमची पिंजऱ्यातली मत्स्यशेती आहे. तापमानाच्या 'लाइव्ह' नकाशाची वर्गणी भरतो. आठवडाभर आभाळ गच्च होते, तरी नकाशा पूर्ण रंगलेला. उपग्रह ढगांतून पाहतो का?

इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचे किरण मोजणारा, उपग्रह पाहत नाही. मायक्रोवेव्ह उपग्रह ढगांतून पाहतो, पण त्याच्या नकाशाचा एकेक चौकोन साधारण 25 किलोमीटरचा किंवा त्याहून मोठा असतो, जोराच्या पावसात तो आंधळा होतो आणि किनाऱ्यालगत जमिनीमुळे त्याची मोजणी बिघडते. म्हणजे पिंजरे असतात तिथेच तो कुचकामी.

मग आठवडाभर रंग आला कुठून? तो भरलेला आहे: आधीच्या दिवसांच्या आणि आजूबाजूच्या मोजण्यांवरून, गणिताने. शास्त्रात यात लपवाछपवी नाही. तिसऱ्या पातळीच्या फायलीत, म्हणजे मोजण्या नुसत्या चौकोनांत मांडलेल्या फायलीत, ढगांच्या जागी भोके असतात आणि मोजणीला 0 ते 5 असा दर्जा (5 सर्वांत चांगला) दिलेला असतो. चौथ्या पातळीची फाइल भोके बुजवते, पण प्रत्येक चौकोनासोबत अंदाजित त्रुटीही देते. खोट विकताना येते. त्रुटीचा थर गाळायचा, रंग गुळगुळीत करायचे आणि कोपऱ्यात मोजणीच्या वेळेऐवजी नकाशा तयार केल्याची वेळ छापायची. ही ग्राहकाची फसवणूक आहे, मी याला दुसरे नाव देणार नाही. ढगांखाली पाणी तापत जाते, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि पडद्यावर मात्र गेल्या आठवड्याचा निळा रंग पाहून मालक निर्धास्त राहतो.

शिवाय इन्फ्रारेड मोजतो ते पाण्याच्या मिलिमीटरहूनही पातळ वरच्या थराचे तापमान. पिंजऱ्याच्या तळाशी काय चालले आहे, ते त्याला कळत नाही.

विक्रेत्याला लेखी विचारा: माझ्या चौकोनातली शेवटची खरी मोजणी कुठल्या दिवशीची, किती वाजताची, आणि त्रुटी किती? उत्तराला टाळाटाळ झाली तर वर्गणी बंद करा. पिंजऱ्यात पाण्याच्या दोन वेगवेगळ्या खोलीवर तापमापक आणि एक ऑक्सिजनमापक आजच बसवा. खाद्य कमी करायचे की मासे लवकर काढायचे, हे मत्स्यरोगतज्ज्ञाला विचारून ठरवा, नकाशा पाहून नव्हे.

उपग्रहावरून काढलेल्या पाण्याच्या खोलीवर विसंबून खाडीत नौका नेऊ का?

नाही. नितळ पाण्यात ही पद्धत जेमतेम वीसेक मीटरपर्यंत चालते, गढूळ खाडीत तीही नाही. प्राथमिक आराखड्यासाठी वापरा. नौकेसाठी अधिकृत सागरी नकाशा आणि जलआलेखन (पाण्याची खोली मोजणाऱ्या) सर्वेक्षकाचा सल्ला घ्या.

रडार चित्रात आमच्या जहाजामागे काळा डाग दिसला म्हणून तेल सोडल्याची नोटीस आली. आम्ही तेल सोडलेले नाही.

रडारला काळे दिसते ते लहरी दबलेले पाणी. तेलाने लहरी दबतात, तशाच प्लवकांच्या तेलकट थराने आणि वारा पडल्यानेही. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरच्या खाली असेल तर तेल असो नसो, पाणी काळेच येते. आणखी एक: चालते जहाज या चित्रात आपल्या खऱ्या जागी उमटत नाही. उपग्रहाच्या दिशेने सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणारे जहाज सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाच्या चित्रात साधारण अर्धा ते एक किलोमीटर सरकलेले दिसते. म्हणून डाग कोणत्या जहाजाचा, हे ठरवताना ही दुरुस्ती केली होती का, हे विचारायलाच हवे. तेलाची नोंदवही, एआयएसच्या (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी आणि त्या वेळच्या वाऱ्याची माहिती एकत्र करा आणि सागरी कायद्याच्या वकिलाकडे आजच जा. मुदत चालू झालेली आहे. वकिलाला सांगून मूळ चित्राची फाइल मागवा आणि ती स्वतंत्र दूरसंवेदन तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

रडारवर आहे पण एआयएसवर नाही, असे जहाज चोरटेच ना?

तेवढ्यावरून नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने एआयएसची सक्ती मुख्यतः परदेशी सफरीवरच्या 300 ग्रॉस टनेज आणि त्याहून मोठ्या जहाजांना व प्रवासी जहाजांना आहे. लहान नौकांना तो नियम लागू नाही. संशय असेल तर जागा आणि वेळ तटरक्षकांना कळवा, स्वतः जवळ जाऊ नका.