रत्नागिरीत घरात ठेवलेल्या नेच्याची पाने टोकाकडून का करपतात?

आपला प्रश्न असा आहे की, समुद्रापासून जवळच असलेल्या फ्लॅटमध्ये दोन महिन्यांपूर्वी आणलेल्या बोस्टन फर्न या नेच्याची पाने टोकाकडून करपत आहेत, पानांमागे तपकिरी ठिपके उठले आहेत, आणि पाणी तर रोज घातले जाते. मग चुकते कुठे?

आधी ठिपक्यांचे पाहू, कारण त्यांना कीड समजून लोक चांगल्या नेच्यावर औषध फवारतात, याचे मला फार वाईट वाटते. पान उलटे करून उजेडात धरा. ठिपके प्रत्येक लहान पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीने, सारख्या अंतरावर असतील, तर ते बीजाणूंचे, म्हणजे ज्यांपासून नवा नेचा उगवतो त्या बारीक कणांचे, पुंजके आहेत. नेच्याला फूल नसते, बी नसते; असे पुंजके हे त्याचे स्वाभाविक लक्षण आहे. खवलेकीड मात्र देठावर, शिरेवर, कुठेही वेडीवाकडी बसते, नखाने खरवडली की सुटून येते आणि पान चिकट लागते.

करपण्याचे कारण हवेत ओलावा नसणे हे असते, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. कोकणात ते क्वचितच खरे ठरते. आषाढात जांभ्याच्या गडग्यावर आणि विहिरीच्या आतल्या बाजूला जो नेचा कोणी न लावता उगवतो, त्याला हीच हवा मानवते. आपल्या घरांत त्याला त्रास होतो तो छताच्या पंख्याचा, एसीचा आणि मिठाचा. माझी पहिली कुंडी पंख्याखाली टांगलेली होती आणि पंधरवड्यात तिची टोके कुरकुरीत झाली. तीच कुंडी उत्तरेकडच्या खिडकीशी, थेट ऊन आणि वारा न लागेल अशा जागी हलवल्यावर नवी पाने अखंड आली.

मिठाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत खारट होऊ शकते, आणि असे पाणी थोडे थोडे रोज घातले की पाणी उडून जाते, पण क्षार मातीत साचत राहतात. त्यामुळे थोडे थोडे न घालता, वरची माती बोटाला नुकतीच कोरडी लागू लागली की तळाच्या भोकातून वाहून जाईपर्यंत पाणी घालावे आणि खालच्या ताटलीत ते साचू देऊ नये. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पिंपात धरून ठेवता आले, तर त्यासारखे दुसरे पाणी नाही. समुद्राची वाळू कुंडीत कधीही घालू नये. नारळाचा काथ्या किंवा सोडणाचे, म्हणजे नारळाच्या तंतुमय सालीचे, तुकडे वापरणार असाल, तर ते गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून ते पाणी फेकून द्यावे, कारण सोडणे पुष्कळदा खाडीच्या पाण्यात कुजवलेली असतात. अशा काथ्यात कुजलेला पालापाचोळा आणि थोडी नदीची वाळू मिसळली की माती ओलसर राहते, पण चिकट होत नाही.

करपलेली पाने बुडाशी कापून टाका. ती पुन्हा हिरवी होत नाहीत. मध्यभागी गुंडाळलेला, केसाळ कोंब दिसला की मुळे जिवंत आहेत असे समजा, आणि तो पूर्ण उलगडेपर्यंत कोणतेही खत घालू नका.