दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या जर्मन चिलखती गाडीचं मॉडेल पहिल्यांदाच बांधतोय. सुरुवात कुठून करू आणि रंग नेमका कोणता देऊ?

तुम्ही लिहिलंय की हातात टामियाचं १/३५ स्केलचं एसडीकेएफझेड २२२ चं किट आहे, आजवर फक्त विमानं केली आहेत, गाडी ‘युद्धाच्या सुरुवातीची’ दाखवायची आहे. खोक्यावर ती सरसकट राखाडी दिसते, पण कुठेतरी तपकिरी रंगाबद्दलही वाचलंय, म्हणून अडलात. मी बरीच वर्षं याच काळातल्या गाड्या करते. माझं सांगणं एवढंच, की गोंदाची बाटली उघडण्याआधी तारीख ठरवा. ‘युद्धाची सुरुवात’ पुरेसं नाही; महिना आणि देश ठरवा. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातून आपोआप निघतात.

सप्टेंबर १९३९ चा पोलंड, मे १९४० चा फ्रान्स आणि जून १९४१ चा रशिया या तिन्ही ठिकाणी २२२ होती. प्लास्टिक तेच वापरायचं, तरी तीन वेगळी मॉडेलं होतात.

आधी रंगाचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. १९३७ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्याने आधीची पिवळा-हिरवा-तपकिरी अशी तिरंगी पद्धत बंद केली आणि नवा आदेश काढला: गाडी गडद राखाडी आणि तिच्या साधारण एक तृतीयांश भागावर गडद तपकिरी पट्टे. हेच रंग पुढे आरएएल (जर्मन रंगयादी) ७०२१ आणि ७०१७ या क्रमांकांनी ओळखले गेले. ३१ जुलै १९४० ला रंगाची बचत म्हणून तपकिरी बंद झाला आणि फक्त राखाडी उरला. म्हणजे पोलंडमध्ये शिरलेली गाडी दुरंगी, फ्रान्समध्ये शिरलेलीही दुरंगीच. खोक्यावरची सरसकट राखाडी गाडी खरी ठरते ती त्यानंतर, बाल्कन आणि रशियाच्या मोहिमांपासून.

मग इतकी वर्षं सगळे या गाड्या नुसत्या राखाडी का रंगवत आले? कारण दोन्ही रंग इतके गडद आहेत की त्या काळच्या कृष्णधवल फोटोंत ते एकमेकांत मिसळून जातात. थॉमस जेंट्झ आणि हिलरी डॉयल यांच्यासारख्या अभ्यासकांनी मूळ जर्मन कागदपत्रं तपासून हा मुद्दा पुढे आणला, तेव्हा लोकांनी तेच जुने फोटो पुन्हा निरखले आणि चांगल्या प्रिंटमध्ये पट्टे दिसू लागले. मला हा प्रकार फार मोलाचा वाटतो. फोटो डोळ्यांसमोरच होते, पाहायचं काय ते कागदांनी सांगितलं.

मॉडेलवर याचा अर्थ असा, की तपकिरी ओरडून दिसता कामा नये. हातभर अंतरावरून गाडी राखाडीच वाटली पाहिजे आणि उजेडात फिरवली की पट्टे उमटले पाहिजेत. टामियाचा एक्सएफ-६३ जर्मन ग्रे बाटलीतून तसाच मारलात, तर एवढ्याशा मॉडेलवर जवळजवळ काळा दिसतो. त्यात थोडा एक्सएफ-१९ स्काय ग्रे किंवा पांढरा घाला, म्हणजे पुढे वॉश (कडांत सोडायचा अगदी पातळ रंग) आणि धूळ दिल्यावरही राखाडीपण टिकतं. तपकिरीसाठी मी एक्सएफ-१० फ्लॅट ब्राउनमध्ये थोडा काळा आणि थेंबभर तोच राखाडी मिसळते. राखाडीचा अंश दोन्हीकडे असला की रंग एकाच गाडीचे वाटतात. व्हॅलेहो कंपनीचे रंग वापरत असाल तर ७०.९९५ राखाडी आणि ७०.८२२ काळसर तपकिरी ही जोडी चालते. पट्ट्यांच्या कडा एअरब्रशने मऊ ठेवा. एअरब्रश नसेल तर ब्रशने पातळ पातळ थर देऊन कडेला दोन्हींचा मधला रंग फिरवा. वेळ लागतो, पण जमतं.

चिन्हांचाही तारखेशी थेट संबंध आहे. पोलंडच्या मोहिमेत जर्मन गाड्यांवर मोठे, भरीव पांढरे क्रॉस होते. पोलिश रणगाडाविरोधी तोफचींना नेम धरायला ते आयतेच मिळाले, म्हणून लढाई चालू असतानाच जर्मन सैनिकांनी त्यांवर चिखल फासला, काहींनी आतला भाग पिवळा रंगवून टाकला. पोलंडनंतर ते मागे पडले आणि फ्रान्सपर्यंत नुसती पांढरी किनार असलेला, आतून काळा किंवा गाडीच्याच रंगाचा क्रॉस आला. त्यामुळे भरीव पांढरा क्रॉस आणि ‘मे १९४०’ असं मॉडेल शक्यतो टाळा. फ्रान्समध्ये जर्मन सेनापती गुडेरियनच्या फौजेच्या गाड्यांवर रोमन ‘जी’ आणि सेनापती क्लाइस्टच्या फौजेच्या गाड्यांवर ‘के’ अशी पांढरी अक्षरं दिसतात. तीही घालायची तर किटमधलं डिकल (चिकटवायची छापील चिन्हं) बघून नको, त्या तुकडीचा फोटो बघून घाला.

आता गाडीकडे. २२२ ही हलकी टेहळणी गाडी. हॉर्चच्या चासीवर बांधलेली, व्ही-८ इंजिन मागे, चारही चाकांना ड्राइव्ह, आत तीन माणसं, टरेटमध्ये (वरच्या फिरत्या बुरुजात) २ सेंटीमीटरची स्वयंचलित तोफ आणि शेजारी एमजी-३४ मशीनगन. रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळायची. वजन जेमतेम पावणेपाच टन, कारण चिलखत अगदी पातळ: समोर १४.५ मिलिमीटर आणि बाजूंना ८. रायफलच्या साध्या गोळीपासून बचाव, इतकंच. पोलिश पायदळाकडे डब्ल्यूझेड ३५ नावाची रणगाडाविरोधी रायफल होती, ती हा पत्रा भेदू शकत होती.

हे ८ मिलिमीटर जोडणीच्या वेळी लक्षात ठेवा. ३५ ने भागलं की पाव मिलिमीटरपेक्षाही कमी येतात. किटमधल्या झडपा, टरेटची वरची कड, मडगार्ड हे सगळं साच्याच्या सोयीसाठी जाड असतं. मिलिमीटरभर जाड झडप म्हणजे खऱ्या मापात ३५ मिलिमीटरचा पत्रा; त्या काळच्या पॅन्झर-३ रणगाड्याचं पुढचं चिलखत ३० मिलिमीटर होतं! म्हणून ज्या कडा डोळ्यांना दिसतात तेवढ्याच आतल्या बाजूने घासून पातळ करा. अख्खा भाग पातळ करायची गरज नाही, कडेला उतार दिला की नजर फसते. ४०० चा पाण्याचा पॉलिश पेपर, मग ६००. टरेट वरून उघडं असल्यामुळे त्याची कड सतत दिसत राहते. तिथे घालवलेली संध्याकाळ कधीच वाया जात नाही.

सांगाड्याची सगळी गंमत तिरक्या पत्र्यांत आहे. वरून आत झुकणारे आणि खालून आत वळणारे पत्रे कमरेपाशी एका धारेवर मिळतात. विमानाची सवय असल्यामुळे तुमचा हात पुटी लावून ही रेघ गुळगुळीत करायला जाईल. तसं करू नका. विमानाच्या मधल्या जोडावर काही दिसायला नको असतं, इथे मात्र धार दिसलीच पाहिजे. खऱ्या गाडीवर तिथे वेल्डिंग आहे. फट असेल तर भरा, पण धार कायम ठेवा. वेल्डिंगची रेघ हवी असेल तर मऊ पुटीची बारीक वळी बसवून सुईने टोचत जा. जोडण्याआधी दोन्ही भाग कोरडेच बसवून बघा, रबरबँड लावा आणि मगच टामियाचं एक्स्ट्रा थिन सिमेंट ब्रशच्या टोकाने जोडात सोडा. ते आपोआप आत ओढलं जातं.

चाकं आणि सस्पेन्शन जोडताना चारही चाकं जमिनीला टेकायला हवीत. काचेच्या तुकड्यावर गाडी ठेवून बघा, सिमेंट ओलं असतानाच दुरुस्ती होते. पुढची चाकं थोडी वळवलीत तर गाडीत जीव येतो. सुरुवातीच्या गाड्यांना चारही चाकांचं स्टिअरिंग होतं आणि वेगात जाताना मागचं बंद ठेवायची सोय होती. म्हणून वळण हलकं ठेवलंत, तर मागची चाकं सरळ दाखवायला हरकत नाही.

टरेटवरची जाळी हे या गाडीचं ओळखचिन्ह. वरून हातबॉम्ब आत पडू नये म्हणून दोन पाखांची दुमडती जाळी होती. टामियाचं किट मूळ सत्तरच्या दशकातलं, जाळीसाठी फोटो-एच (बारीक कोरलेला पितळी) पत्रा असलेली आवृत्ती त्यांनी पुढे काढली. तुमच्या खोक्यात तो पत्रा आहे का, ते आधी बघा. असेल तर वाकवण्यापूर्वी पितळ मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर गरम करून थंड होऊ द्या, नरम पडतं. इथे प्लास्टिकचं सिमेंट चालत नाही, सुपरग्लू लागतो, तोही टाचणीच्या टोकावर येईल इतकाच. जाळी उघडी ठेवायची की बंद, हे आतलं काम सुरू करण्याआधी ठरवा. बंद असेल तर आतलं अंधुकच दिसतं, मग तिथे आठवडे घालवू नका. मी स्वतः एक पाखं उघडं ठेवते. तोफेचा मागचा भाग दिसतो आणि जाळीची नक्षीही राहते.

पुढच्या मडगार्डांवर गाडीची रुंदी कळावी म्हणून गोळा असलेल्या बारीक काठ्या होत्या. प्लास्टिकच्या काठ्या जाड वाटल्या तर स्प्रूचा (किटचे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीचा) तुकडा मेणबत्तीवर तापवून ताणा, हवा तेवढा बारीक दोरा मिळतो, आणि टोकाला पांढऱ्या गोंदाचा थेंब. आणखी एक: गाडीभर पेट्रोलचे डबे बांधलेली जी २२२ फोटोंत दिसते ती बहुतेक आफ्रिकेतली असते. १९३९-४० साठी सामान कमी ठेवा. डोक्यावर चौकटीसारखा मोठा अँटेना दिसला तर ती २२३, म्हणजे वायरलेसची गाडी. तो २२२ वर चढवू नका.

रंगाच्या कामात आपल्या हवेचा विचार करा. टामियाचे ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने चांगले पातळ होतात. पण पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, लॅकर प्रायमर किंवा स्प्रेचं वार्निश मारलं की दमट हवेने त्यावर पांढुरकी साय धरते. गडद राखाडीवर ती लगेच कळते. उघडीप मिळेल त्या दुपारी मारा, नाहीतर ॲक्रिलिक वार्निश हाताने लावा. डिकलखाली चकचकीत थर हवाच, नाहीतर कडेला चंदेरी चकाकी राहते. वॉशसाठी महागडी बाटली लागत नाही. कॅम्लिनचा बर्न्ट अंबर तैलरंग भरपूर पातळ करून फक्त कडांत आणि रिव्हेटांभोवती सोडा. त्याआधी ॲक्रिलिक रंग आणि वार्निश पूर्ण वाळू द्या.

आणि पुन्हा तारखेकडे. १९३९ चा सप्टेंबर पोलंडमध्ये विलक्षण कोरडा गेला, कच्च्या रस्त्यांवर धुळीचे लोट उठत होते. त्यामुळे त्या गाडीवर ओला चिखल थापू नका. फिकट पिवळसर मातीचा रंग अगदी पातळ करून चाकं, मडगार्ड आणि मागच्या बाजूवर बसवा, वरच्या सपाट पत्र्यांवर थोडा साचू द्या. गाडी तेव्हा फार जुनी नव्हती, म्हणून गंज सायलेन्सरपुरता आणि रंगाचे टवके माणसांचे पाय लागतात तेवढ्याच जागी. टायर काळेभोर नकोत, धुरकट राखाडी करा.

आत माणूस बसवणार असाल तर त्याचीही तारीख जुळवा. १९३९-४० मध्ये या सैनिकांचा काळा गणवेश आणि डोक्यावर आतून जाड अस्तर असलेली मोठी काळी बेरे टोपी. पुढे साध्या घडीच्या टोप्या आल्या. बाजारातल्या बऱ्याच आकृती नंतरच्या काळातल्या असतात, खोक्यावरचं साल बघून घ्या.

हातातलं किट टामियाचं आहे तर तेच बांधा. हॉबीबॉसने १/३५ मध्ये २२१ आणि २२२ नंतर काढल्या, त्यांत बारकावे जास्त आहेत आणि सुटे भागही. पहिल्या चिलखती गाडीसाठी टामियाची सरळ जोडणी बरी. महाराष्ट्रात असाल तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला एकदा जा. १९९४ पासून ते चालू आहे आणि तिथे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन चिलखती गाडीही आहे. रंगासाठी नको, कारण संग्रहालयातल्या गाड्यांवरचा रंग नंतरचा असू शकतो. पत्रा कडेला किती जाड दिसतो, झडपेची बिजागरी कशी बसते, बोल्टाभोवती धूळ कुठे धरते, हे जवळून बघा.

तारीख ठरली की इथेच खाली लिहा. त्या महिन्याचे, त्या भागातले फोटो बघताना नेमकं काय शोधायचं ते सांगते.